पॅकेजची फोड आणि अपग्रेडची जबाबदारी

२०२५च्या जूनमध्ये आर्च लिनक्सच्या कर्त्यांनी लागोपाठ दोन सूचना काढल्या. पहिली प्लाझ्मा डेस्कटॉपच्या ६.४ आवृत्तीबद्दल होती. पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणाऱ्या केविन या प्रोग्रॅमचा एक्स-११ या जुन्या डिस्प्ले यंत्रणेसाठीचा भाग वेगळ्या पॅकेजात गेला आहे, अपग्रेडनंतर फक्त नव्या वेलँडचे सेशन उरेल, एक्स-११ हवे असेल त्याने ‘प्लाझ्मा-एक्स११-सेशन’ स्वतः बसवावे, असा तिचा मथितार्थ. दुसरी सूचना फर्मवेअरची. ‘लिनक्स-फर्मवेअर’ हे अगडबंब पॅकेज कंपनीवार फोडले होते आणि जुन्या नावाचे पॅकेज आतून रिकामे करून नव्या तुकड्यांवर अवलंबून ठेवले होते. रीत शिस्तीतली होती. पण नेमक्या त्याच वेळी मूळ प्रकल्पाने एनव्हिडियाच्या फर्मवेअरमधल्या सिमलिंकांची मांडणी बदलली आणि आर्चच्या पॅकमन या पॅकेज मॅनेजरला ते झेपेना. मग सांगावे लागले, की आधी जुने पॅकेज अवलंबित्व न तपासता काढून टाका आणि त्यानंतर सगळी सिस्टिम अपग्रेड करा.

सूचना स्पष्ट होत्या. त्या वाचायला बसले आहे कोण, हा खरा प्रश्न. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले एखादे टॉवेलचे युनिट डोळ्यांसमोर आणा. आत यंत्रमागांचा खडखडाट, बाहेरच्या केबिनमध्ये एक संगणक. त्यावर बिले, हजेरी, गाठींवर चिकटवायची लेबले आणि कामगारांसाठी लावायच्या मराठी सूचना. लायसनचा खर्च नको म्हणून कुणीतरी कधीतरी त्यावर लिनक्स टाकून दिले आहे, असे धरू. ते सांभाळणारा पोरगा अशी पाच-सहा युनिटे बघतो आणि फोन आला की येतो. लिनक्स वितरणाच्या (डिस्ट्रोच्या) आतले कोणते पॅकेज फुटले आणि कोणते जुळले, हे त्याला ठाऊक असण्याचे काही कारण नाही. काल चालत होते ते अपग्रेडनंतर आजही चालावे, एवढीच त्याची मागणी. माझ्या मते या सगळ्या प्रश्नाची खरी कसोटी तीच. फोड करण्याचा निर्णय पॅकेज सांभाळणाऱ्याचा असतो, तेव्हा तिचा हिशेबही त्यानेच चुकता करायला हवा.

फोड करायची कारणे मात्र भक्कम असतात. सर्व्हरला डेस्कटॉपची चित्रे कशाला हवीत? प्रोग्रॅम नुसता चालवणाऱ्याला हेडर फायली आणि मॅन्युअल कशाला? एकाच यंत्रावर ३२ आणि ६४ बिटांच्या लायब्ररी शेजारी शेजारी बसवायच्या तर दोघींत सामाईक असलेल्या फायली तिसऱ्या पॅकेजात काढाव्याच लागतात. २०१३च्या डेबियन ७मध्ये ही सोय, म्हणजे मल्टिआर्क, आली त्या सुमारास अशा फोडी ढिगाने झाल्या. जितका कोड कमी, तितका हल्ल्याला वाव कमी, हे अलीकडचे कारण. कधी फोडीचा अतिरेकही होतो. फेडोरा १८मध्ये टेक्स लाइव्हची आरपीएम पॅकेजे हजारोंच्या संख्येत निघाली, कारण टेक्सच्या जगातले प्रत्येक छोटे पॅकेज इथेही स्वतंत्र झाले. डेबियनने तेच सामान मोजक्या गठ्ठ्यांत ठेवले. गठ्ठे फोडले की पॅकेज मॅनेजरला गणित सोडवायला वेळ लागतो आणि प्रत्येक नव्या सीमेवरून एखादी फाइल इकडून तिकडे जाण्याची शक्यता वाढते. म्हणजे अपग्रेडचा नवा प्रश्न.

तो प्रश्न मुळात मालकीचा आहे. एका फाइलचा मालक एकच पॅकेज असतो. एकत्र कुटुंबातून मुलगा वेगळा निघाला की जुन्या रेशनकार्डावरून नाव कमी झाल्याशिवाय नव्या कार्डावर चढत नाही, तसाच हा व्यवहार. आणि इकडून नाव कमी झाले पण तिकडे चढले नाही, तर मधल्या महिन्याचे धान्य बुडाले.

डेबियन, उबुंटू आणि त्यांच्या गोतावळ्यात पॅकेजे बसवणारा डीपीकेजी हा व्यवहार अगदी कडकपणे सांभाळतो. ‘अ’ पॅकेजातली फाइल नव्या ‘ब’मध्ये हलवली आणि कुणालाच काही सांगितले नाही, तर ‘ब’ उलगडताना डीपीकेजी थांबतो आणि ही फाइल आधीच ‘अ’ची आहे, तिच्यावर लिहू देणार नाही, असे बजावतो. ते टाळायला ‘ब’वर दोन गोष्टी लिहाव्या लागतात. ‘रिप्लेसेस’ म्हणजे ‘अ’च्या अमुक आवृत्तीच्या आधीच्या फायली ताब्यात घ्यायची परवानगी. ‘ब्रेक्स’ म्हणजे ‘अ’ची ती जुनी आवृत्ती माझ्यासोबत चालू अवस्थेत राहू शकत नाही, ही अट. नुसत्या ‘रिप्लेसेस’वर भागवण्याचा मोह होतो, कारण चाचणीत सगळे नीट दिसते. पण जुन्या ‘अ’वर ‘ब’ बसला आणि नंतर ‘ब’ काढला, तर ती फाइल ‘ब’सोबत जाते आणि ‘अ’ पोकळ होऊन बसतो. नोंदींत मात्र तो धडधाकट. ‘ब्रेक्स’मुळे ही अवस्थाच येत नाही. ‘कॉन्फ्लिक्ट्स’ वापरले तरी काम होते, पण मग जुने पॅकेज आधी पूर्ण उतरवावे लागते आणि ज्यावर दहा गोष्टी उभ्या आहेत ते पॅकेज क्षणभर का होईना गायब होते.

हा क्षण किरकोळ वाटतो तो कायम वीज असलेल्या ठिकाणी. अपग्रेड चालू असताना वीज गेली आणि यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली असली, तर काही पॅकेजे उलगडलेली पण कॉन्फिगर न झालेली, काही जुनीच, अशी अर्धवट अवस्था डिस्कवर राहते. डीपीकेजी प्रत्येक पायरी नोंदवून ठेवतो, म्हणून वीज आल्यावर ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवून गाडी बहुधा रुळावर येते. पण ते कधी? तर प्रत्येक मधल्या पायरीला अवलंबित्वाची अट खरी असेल तेव्हा. फोडीच्या अटी सैल लिहिल्या असतील तर नेमके या मधल्या अवस्थेत पॅकेज मॅनेजरलाच लागणारी एखादी लायब्ररी जागेवर नसते. एरवी ही चूक कुणाच्या नजरेलाही येत नाही.

आवृत्तीचा आकडा लिहितानाही एक बारीक खाच आहे. फोड २.०-३ या आवृत्तीत झाली, तर अट ‘२.०-३ पेक्षा जुनी’ अशी न लिहिता शेवटी ‘~’ हे चिन्ह जोडून लिहितात. डेबियनच्या क्रमात हे चिन्ह रिकाम्या जागेच्याही आधी येते. बॅकपोर्ट केलेल्या पॅकेजला २.०-३~ने सुरू होणारा आकडा मिळतो; फोड त्यातही झालेलीच असते, पण चिन्ह नसेल तर तोही ‘जुना’ ठरून विनाकारण मोडीत निघतो. उबुंटूसारख्या वितरणाने तीच फोड वेगळ्या आवृत्तीत केली असेल तर घोळ आणखी वाढतो, कारण डेबियनचा आकडा तिथे लागूच पडत नाही.

आरपीएमच्या, म्हणजे फेडोरा आणि ओपनसूसेच्या, बाजूला फाइलची मालकी इतकी छळत नाही. जुने आणि नवे एकाच व्यवहारात येतात आणि नव्या पॅकेजाने घेतलेली फाइल जुने काढताना पुसली जात नाही. तिथला प्रश्न वेगळा: नवा तुकडा यंत्रावर यायचाच कसा? फेडोराचे उत्तर ‘ऑब्सोलीट्स’. एक पॅकेज फुटून दोन झाली, तर दोघांनीही ‘मी त्या जुन्या आवृत्तीची जागा घेतो’ असे जाहीर करायचे. मग तिथला पॅकेज मॅनेजर डीएनएफ दोन्ही ओढून आणतो. उपाय साधा आणि खात्रीचा आहे, पण आंधळा. कुणाला कोणता तुकडा हवा हे तो विचारत नाही, सगळ्यांना सगळे वाटतो.

ओपनसूसेची युक्ती मला यांत सर्वांत हुशार वाटते आणि आश्चर्य म्हणजे तिची फारशी वाखाणणी कधी ऐकू येत नाही. नव्या पॅकेजाच्या ‘प्रोव्हाइड्स’मध्ये जुन्या पॅकेजचे नाव, मग अपूर्णविराम, मग हलवलेल्या एखाद्या फाइलचा पूर्ण मार्ग लिहायचा. वितरणाची आवृत्ती बदलताना तिथला पॅकेज मॅनेजर झिपर पाहतो, की त्या नावाचे पॅकेज बसलेले आहे का आणि त्यात ती फाइल खरोखर आहे का. असेल तरच नवा तुकडा आपोआप बसतो. ताज्या यंत्रावर कुणी फक्त मूळ पॅकेज मागितले तर हा तुकडा मागे लागत नाही. जुन्याला पुरते राखायचे आणि नव्याला हलके ठेवायचे, ही दोन उद्दिष्टे इथे एकमेकांच्या पायात येत नाहीत. बाकीच्या घराण्यांत ती हमखास येतात.

मराठी माणसाला ही ओढाताण सर्वांत जवळून दिसते ती फॉन्टमध्ये. लोहित हे फॉन्ट रेड हॅटने २००४मध्ये खुले केले, २०११मध्ये त्यांना ओपन फॉन्ट लायसन्स मिळाले आणि त्यांची देखभाल पुढे वर्षानुवर्षे कंपनीच्या पुण्यातल्या मंडळींनी केली. फेडोरात हे फॉन्ट आधी एकाच स्रोत पॅकेजातून येत. पुढे भाषावार फोड झाली: लोहित-हिंदी, लोहित-मराठी, लोहित-कोंकणी, लोहित-मैथिली अशी वेगळी पॅकेजे. नंतर उलटा प्रवास सुरू झाला. देवनागरीतल्या बऱ्याच भाषांचे फॉन्ट जवळपास एकच होते, ते ‘लोहित-देवनागरी’त विलीन झाले. मराठी आणि नेपाळी वेगळे राहिले. मराठीच्या ल आणि श यांचे वळण हिंदीपेक्षा निराळे, हे त्याचे उघड कारण. डेबियनमध्येही देवनागरीच्या मूळ पॅकेजाशेजारी मराठी आणि नेपाळी अशी दोन जादा लोहित पॅकेजे आहेत आणि त्यांच्या वर ‘फॉन्ट्स-इंडिक’ हे सगळ्यांना ओढून आणणारे मेटापॅकेज. शिवाय तिथे फॉन्ट पॅकेजांच्या नावांचे ‘टीटीएफ’ हे उपपद जाऊन ‘फॉन्ट्स’ आले, म्हणजे फोडीवर नामांतराची भर.

विलीनीकरण सोपे असते, कारण पाच जुनी नावे एका नव्या नावाकडे वळवायची असतात आणि कुणाला काय हवे याचा संशय नसतो. फोड करताना तो असतो. सगळ्या भारतीय भाषांचे एक पॅकेज ज्याच्याकडे होते तो मराठी वाचतो, तमिळ वाचतो की दोन्ही, हे पॅकेज मॅनेजरला कळायला मार्ग नाही. त्यात फॉन्टचे बिघाड मुके असतात. प्रोग्रॅम गहाळ असेल तर तो चालत नाही आणि निदान समजते तरी. फॉन्ट गहाळ असेल तर फॉन्टकॉन्फिग गुपचूप दुसरा देवनागरी फॉन्ट उचलतो. अक्कलकोट रोडवरच्या आपल्या त्या केबिनमध्ये लेबल छापले जाते, ल आणि श हिंदी वळणाचे होतात, ओळ दोन मिलिमीटर लांबते आणि शेवटचे अक्षर कापले जाते. दोष अपग्रेडचा आहे हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. प्रिंटरवाल्याला फोन जातो.

फेडोराने २०१६मध्ये, २४व्या आवृत्तीत, भाषांच्या बाबतीत यावर चांगला तोडगा काढला. ‘लँगपॅक्स-एमआर’सारखे भाषावार मेटापॅकेज आले आणि तुकड्यांना सौम्य अवलंबित्व जोडले गेले: लिब्रेऑफिस आणि मराठीचा लँगपॅक दोन्ही यंत्रावर असतील, तर लिब्रेऑफिसचा मराठी तुकडाही यावा. निवड माणसाने एकदाच करायची, पुढच्या प्रत्येक फोडीचे तुकडे त्या निवडीच्या मागे येतात. त्याच आवृत्तीत ग्लिबसी या मूळ सी लायब्ररीतल्या लोकेलांचीही फोड झाली. तारखा, महिन्यांची नावे, वर्णक्रम ही माहिती भाषावार पॅकेजांत गेली. मूळ ग्लिबसीने अट घातली, की कोणता तरी लँगपॅक हवाच, आणि पसंती ‘सगळ्या भाषा’ असलेल्या गठ्ठ्याला दिली. म्हणून काहीही न निवडणाऱ्याचे काही गेले नाही. कंटेनर बनवणाऱ्याला मात्र मिनिमल पॅकेज मागून काटछाट करता आली. ज्याला कमी हवे त्याने तसे मागायचे आणि न मागणाऱ्याला पूर्वीइतकेच मिळायचे, हा शिष्टाचार इथे नीट पाळला गेला.

२०२४च्या मे महिन्यात डेबियनच्या चाचणी शाखांत नेमके उलटे घडले. कीपासएक्ससी या पासवर्ड सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममधून ब्राउझरशी जोडणी आणि नेटवर्कशी संबंधित सोयी काढून टाकल्या आणि त्या सगळ्या असलेले ‘-फुल’ हे वेगळे पॅकेज केले. सुरक्षिततेचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. पण जुने नाव कापलेल्या प्रोग्रॅमला दिले गेले, म्हणून ज्यांनी काहीच मागितले नव्हते त्यांची ब्राउझरजोडणी अपग्रेडबरोबर गेली आणि तक्रारी मूळ प्रकल्पाच्या दारात जाऊन पडल्या. आर्चमध्ये २०२५मध्ये व्हीएलसीचे प्लगिन वेगळे झाले तेव्हाही काल चालणारे व्हिडिओ आज चालेनात, कारण पॅकमन ऐच्छिक अवलंबित्व फक्त दाखवतो, बसवत नाही. आर्चचे समर्थक म्हणतील, की हे वितरणच स्वतः लक्ष घालणाऱ्यांसाठी आहे. ते मान्य. मग कारखान्याच्या ऑफिसात ते बसवू नये, हेही मान्य करावे.

जुने नाव टिकवण्याचा रूढ उपाय म्हणजे रिकामे संक्रमण पॅकेज. आत काही नाही, फक्त नव्या तुकड्यांकडे बोट. डेबियनमधले ‘एसएसएच’ हे त्याचे सर्वांत दीर्घायुषी उदाहरण असावे. क्लायंट आणि सर्व्हर २००७च्या डेबियन ४.०मध्ये वेगळे झाले आणि जुने नाव दोन्ही आणणारे मेटापॅकेज म्हणून आजही उभे आहे. एरवी अशी पॅकेजे एका स्थिर आवृत्तीनंतर काढता येतात, कारण डेबियनमध्ये मधली आवृत्ती गाळून उडी मारायची सोयच नाही. उबुंटूत दोन वर्षांनी एका एलटीएसवरून दुसऱ्या एलटीएसवर जाणारे असतात, तेव्हा तिथे संक्रमण पॅकेज मधल्या आवृत्त्या ओलांडून टिकावे लागते. चार-पाच वर्षे हात न लावलेले यंत्र असेल तर एकेक पायरीनेच वर या, असे सांगतात ते याचसाठी.

या रिकाम्या पॅकेजांच्या आसपास दोन सापळे आहेत. पहिला सफाईचा. संक्रमण पॅकेजाने ओढून आणलेला तुकडा ‘आपोआप आलेला’ म्हणून नोंदला जातो. कुणी ते रिकामे पॅकेज निरुपयोगी म्हणून काढले आणि ‘ऑटोरिमूव्ह’ चालवले, तर खरा प्रोग्रॅमच झाडला जाऊ शकतो. एपीटी या डेबियनच्या पॅकेज मॅनेजरच्या मूळ सेटिंगमध्ये यावर तोड आहे: संक्रमण पॅकेज ‘ओल्डलिब्ज’ या विभागात असेल, तर ‘मुद्दाम बसवलेले’ ही खूण त्याच्यावरून पुढच्या तुकड्यावर सरकते. फक्त पॅकेज त्या विभागात घालायला सांभाळणाऱ्याला आठवले पाहिजे. दुसरा सापळा आज्ञेचा. जुनी ‘एपीटी-गेट अपग्रेड’ नवे पॅकेज बसवतच नाही, म्हणून फुटलेले पॅकेज ‘रोखून ठेवले’च्या यादीत पडून राहते, ‘एपीटी अपग्रेड’ नवे बसवते पण काही काढत नाही, दोन्ही करते ती ‘फुल-अपग्रेड’. एखाद्या यंत्रावर महिनोन् महिने तीच चार नावे रोखलेली दिसत असतील, तर त्यांत एखादी फोड अडकलेली असण्याची शक्यता बरीच असते. नवा तुकडा नुसता ‘रेकमेंड्स’ने जोडला असेल आणि जागा वाचवायला कुणी शिफारशी बंद करून ठेवल्या असतील, तर तो येणारच नाही.

कॉन्फिगरेशन फायलींबद्दल थोडक्यात. त्यांत वापरणाऱ्याने हाताने बदल केलेले असतात, म्हणून त्या एका पॅकेजातून दुसऱ्यात नेणे हे फोडीतले सर्वांत नाजूक काम. फाइलचे नाव किंवा जागा बदलायची असेल तर डीपीकेजीसोबत त्यासाठीची मदतनीस आज्ञा येते, पण मालकपॅकेज बदलणे तिच्या आवाक्यात नाही. जमले तर ती फाइल जुन्याच पॅकेजात राहू द्यावी, असे माझे मत.

फोडीच्या इतिहासातला सर्वांत कपटी बिघाड डेबियनने वेळीच ओळखला, तो यूएसआर-विलीनीकरणाच्या काळात. मुळाशी असलेली ‘लिब’ ही निर्देशिका ‘यूएसआर’मधल्या ‘लिब’कडे बोट दाखवणारी सिमलिंक झाली. डिस्कवर दोन्ही मार्ग एकच, पण डीपीकेजीच्या वहीत दोन वेगळी नावे. आता समजा एक फाइल ‘अ’मधून ‘ब’मध्ये गेली आणि त्याच वेळी तिचा मार्ग जुन्या ‘लिब’मधून ‘यूएसआर’खाली आला. ‘ब’ आधी उलगडतो आणि फाइल जागेवर ठेवतो. मग ‘अ’चे अपग्रेड होते, नव्या ‘अ’मध्ये ती फाइल नाही, म्हणून डीपीकेजी जुना मार्ग पुसतो. पुसली जाते ती ‘ब’ची फाइल. ‘ब्रेक्स’ आणि ‘रिप्लेसेस’ दोन्ही बिनचूक लिहिलेली असूनही. म्हणून डेबियनच्या तांत्रिक समितीने २०२१मध्ये अशा हलवाहलवीला आवर घातला. पुढे डेप-१७ या प्रस्तावाने एकेक प्रकार वेगळा करून त्याचा इलाज ठरवला, त्यात संरक्षक डायव्हर्जनसारखे आडवळणाचे उपायही आले. निक्सओएसमध्ये प्रत्येक पॅकेज आपल्या स्वतंत्र मार्गावर राहते, त्यामुळे हा सगळा वर्ग तिथे उद्भवत नाही. जुन्या नावाखाली काय मिळावे हा वाद तिथेही सुटत नाही.

यांतले बरेचसे दोष यंत्राने पकडता येतात. डेबियनचे पियुपार्ट्स जुनी आवृत्ती बसवते, नवीवर नेते, काढून टाकते आणि फायलींचे भांडण किंवा मागे राहिलेला कचरा दाखवते. ओपनसूसे आणि फेडोरा ओपनक्यूए या स्वयंचलित चाचणी यंत्रणेवर अपग्रेड चालवून पाहतात. पण छापलेल्या लेबलावरचा श कोणत्या वळणाचा आहे, हे अशा तपासणीत सहसा कुणी विचारत नाही.

आगाऊ सूचनेचा एक चांगला नमुना सध्या चालू आहे. २०२४मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन साधनात लपवलेले मागचे दार उघडकीस आल्यावर ओपनएसएसएचमधला, करबेरॉसने लॉगिन करायला लागणारा जीएसएस-एपीआयचा भाग वेगळा करावा असे डेबियनमध्ये ठरले, पण फोड लगेच केली नाही. २०२५च्या ट्रिक्सी आवृत्तीत ‘ओपनएसएसएच-क्लायंट-जीएसएसएपीआय’ आणि ‘ओपनएसएसएच-सर्व्हर-जीएसएसएपीआय’ ही केवळ अवलंबित्वापुरती पॅकेजे आधी आणून ठेवली. खरी फोड त्यापुढच्या आवृत्तीत व्हायची आहे. टॉवेलच्या युनिटातल्या संगणकाला याचे सोयरसुतक नाही, त्याचे एसएसएच होते तसेच चालेल. करबेरॉसने लॉगिन करणारी कॉलेजे आणि कार्यालये यांनी मात्र ट्रिक्सीवर असतानाच ही दोन पॅकेजे बसवून घ्यावीत.